उताराचे माप

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागाची सकाळ मालमोटारींच्या फाळक्यांच्या आवाजाने सुरू होते. काही गाळ्यांपुढे ओट्यापासून मोटारीपर्यंत जाड फळी टेकवली जाते आणि पाठीवर पोते घेतलेला हमाल तीवरून चढतो-उतरतो. फळी किती तिरकी असावी, हे कुणी पट्टीने मोजत नाही. ती चार बोटे अधिक उभी लागली, तर हमाल थांबतो, पायाने ती सरकवून घेतो आणि मगच पाऊल टाकतो. उताराचे माप त्याच्या पायांना ठाऊक असते. बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या व्यापारी घरांना हे दृश्य इतके सवयीचे झालेले असते, की त्यात काही पाहण्यासारखे आहे असे कुणाला वाटत नाही. घरातली बारा वर्षांची मुलगी जेव्हा म्हणते, "मला एक उतार बांधून हवा," तेव्हा मात्र ते आठवण्यासारखे असते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. आजोबा अजूनही सकाळी गाळ्यावर जाऊन बसतात. वडील तूर, हरभरा आणि मूग यांच्या खरेदीसाठी महिन्यातून दोनदा लातूर-अकोल्याकडे जातात. आई घर सांभाळून दुकानाचे जीएसटीचे काम पाहते. मुलीला वाढदिवसाला मामाने स्केटबोर्ड दिलेला असतो. चार महिने ती इमारतीच्या पार्किंगमध्ये सरळ रेषेत फिरते. मग एके दिवशी तिच्या कोपराला खरचटलेले आईला दिसते. जखम तीन दिवसांची जुनी असते. विचारल्यावर कळते, की वॉचमनच्या खोलीमागे पडलेले एक मोडके दार विटांवर तिरके ठेवून मुलांनी उतार केला होता. विटा सरकल्या, दार घसरले आणि मुलगी फरशीवर आपटली. घरी सांगितले तर स्केटबोर्डच काढून घेतील, म्हणून तिने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला आणि गप्प राहिली.

वडिलांचा पहिला निर्णय तोच होता. स्केटबोर्ड माळ्यावर गेला. त्या रात्री घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. मुलगी पडली, यापेक्षा तिने तीन दिवस दुखणे लपवले, हे आईच्या मनाला अधिक लागले होते.

हा खेळ अशा घरांना परका वाटतो, यात नवल नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांनी लाट नसलेल्या दिवसांसाठी फळीला चाके लावली, तेथून त्याची सुरुवात झाली. आरंभीची चाके धातूची किंवा मातीच्या कठीण मिश्रणाची असत आणि बारीक खड्याला अडकून माणसाला फेकून देत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेनची चाके आली आणि पकड सुधारली. पुढे १९७६-७७ च्या दुष्काळात तिकडचे पोहण्याचे अनेक तलाव कोरडे पडले. त्यांच्या गोलसर भिंतींवर मुले चढू-उतरू लागली. घरामागच्या अंगणात लाकडाचे वक्र उतार बांधण्याची प्रथाही त्याच दशकात पसरली. आज जिला रॅम्प म्हणतात, त्या वस्तूत कोरड्या तलावाचा तोच बाक आहे.

आता हा खेळ पोरखेळ राहिलेला नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. महिलांच्या 'स्ट्रीट' प्रकारातील सुवर्णपदक मिळवणारी जपानची मोमिजी निशिया आणि रौप्यपदक मिळवणारी ब्राझीलची रायसा लियाल, दोघीही तेरा वर्षांच्या होत्या. 'पार्क' प्रकारात रौप्य मिळवणारी कोकोना हिराकी बारा वर्षांची होती. २०२२ मध्ये गुजरातेत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंग होते, आणि त्यात मुलींमध्ये सुवर्णपदक जिंकणारी श्रद्धा गायकवाड पुण्याची होती. मेवाडशी नाते असलेल्या घरांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. उदयपूरजवळच्या खेमपूर गावात एका चित्रपटाच्या निमित्ताने स्केटबोर्डचे मैदान बांधले गेले आणि चित्रीकरण संपल्यावर ते गावातल्या मुलांसाठी ठेवण्यात आले. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार या खेड्यात उभ्या राहिलेल्या अशाच मैदानाने दोन नियम घालून दिले: शाळा नाही तर स्केटबोर्डिंग नाही, आणि आधी मुलींचा मान. नियम असा सोपा असला, की तो मुलांच्या लक्षात राहतो.

परंतु ऑलिम्पिकची पदके सांगून घरातला प्रश्न सुटत नाही. या घरी तो सुटला आजोबांच्या एका प्रश्नाने.

"बाबूजी, आपल्या घरात असला प्रकार कधी झाला नाही," वडील म्हणाले. "उद्या हात मोडला तर?"

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "गेल्या हंगामात तू तूर भरलीस. भाव पडणार नाही, अशी कुणी हमी दिली होती?"

"हमी कोण देणार? पण मी हिशेब केला होता."

"कसला?"

"क्विंटलमागे किती उतरला तर किती तोटा सोसेल, ते आधी ठरवलं होतं. तेवढाच माल घेतला."

"मग इथंही तोच हिशेब कर. किती उंचीवरून पडली तर सोसेल, ते ठरव. तेवढंच बांध. विटांवरचं दार कुणी मोजलं नव्हतं."

बाजारातला माणूस जोखमीशिवाय एक दिवस जगत नाही. उधारी देताना, माल भरताना, हंगामाआधी सौदा करताना तो धोका टाळत नाही. धोक्याला माप लावतो. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत मात्र त्याला धोका शून्य हवा असतो. शून्य धोका कुठेच मिळत नाही, म्हणून मुले तो माप न लावलेल्या ठिकाणी, कुणाच्या नकळत घेतात. स्केटबोर्ड माळ्यावरून खाली आला तो या हिशेबासाठी.

हिशेबाची पहिली रक्कम उंचीची. नवशिक्या मुलीसाठी दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर उंची पुरेशी होते. ६० सेंटिमीटरवरून घरंगळत आलेल्या फळीचा वेग, घर्षण सोडून दिले तरी, ताशी सुमारे १२ किलोमीटर होतो. साधारण सायकलचा वेग. उंची दुप्पट केली, तर वेग दुप्पट होत नाही, सुमारे १७ किलोमीटरपर्यंत जातो. पण पडण्याचे अंतर मात्र दुप्पट होते.

दुसरी रक्कम अधिक महत्त्वाची आणि सहसा विसरली जाणारी: वळणाची. रॅम्पची बाजू म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. वर्तुळाची त्रिज्या १८० सेंटिमीटर घेतली, तर ६० सेंटिमीटर उंचीवर चढाची तिरकस ४८ अंशांची होते आणि जमिनीवर रॅम्प १३४ सेंटिमीटर पसरतो. उंची तीच ठेवून त्रिज्या निम्मी, म्हणजे ९० सेंटिमीटर केली, तर वरच्या टोकाशी तिरकस ७० अंशांची होते आणि सारा चढ ८५ सेंटिमीटरमध्ये उरकतो. जागा वाचते, पण तीच उंची आता जवळजवळ भिंतीसारखी उभी राहते आणि शिकाऊ पोराला मागे फेकते. व्यापारातही उधारीची रक्कम तीच असली, तरी ती किती दिवसांत फेडायची यावर माणूस तरतो किंवा बुडतो. थोड्या जागेत उरकलेला चढ महाग पडतो.

या घरात त्रिज्या १८० ठरली. आकडे मुलीने वहीत लिहिले. पायथागोरसचे प्रमेय शाळेत पुढे शिकवले जाणार होते. आजोबांनी ते वहीच्या पाठीमागे दोन ओळींत समजावून दिले.

लाकडासाठी दूर जावे लागले नाही. भवानी पेठेतले टिंबर मार्केट मार्केट यार्डापासून जवळच आहे. भुसार व्यापाऱ्याला डाळीचा दाणा दातांखाली धरून ओळखता येतो. प्लायवूडमध्ये त्याची ती हातोटी चालत नाही, म्हणून शिक्का वाचावा लागतो. आयएस ७१० हा शिक्का मरीन प्लायवूडचा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा, आणि त्यातही पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा बीडब्ल्यूआर प्रकार वेगळा असतो. रॅम्प उघड्यावर राहणार असेल तर ७१० घ्यावे. छपराखाली राहणार असेल तर बीडब्ल्यूआर चालते. फळीच्या कडेकडे पाहावे. थरांमध्ये पोकळी दिसली, तर तो माल परत करावा.

जैन घरांना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्याशा वाटतात, आणि त्या विचारण्यात संकोच नको. सुतारकामात पूर्वी सरस वापरत. तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. आता सर्वत्र मिळणारा पांढरा गोंद कृत्रिम राळेचा असतो, तरी मिस्त्रीला आधी सांगून ठेवलेले बरे. दुसरे म्हणजे जुने लाकूड. घरच्या माळ्यावरच्या जुन्या बत्त्या वापरण्याचा मोह होतो. त्यांत घुण किंवा वाळवी असेल, तर करवत चालवणे म्हणजे कित्येक जीवांवर ती चालवणे. जयणा पाळणाऱ्या घराने अशा लाकडाला हातच लावू नये. किडके लाकूड भारही पेलत नाही, त्यामुळे या ठिकाणी धर्म आणि सुतारकाम एकाच गोष्टीवर येतात.

मालाचे माप असे बसते. प्लायवूडची फळी आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४ बाय १२२ सेंटिमीटरची असते. १८ मिलिमीटरच्या एकाच फळीतून दोन्ही बाजू निघतात: प्रत्येक १७४ सेंटिमीटर लांब आणि ६० उंच. त्यांतले १३४ सेंटिमीटर वळणाचे, उरलेले ४० वर उभे राहण्याच्या ओट्याचे. दोन बाजूंची मिळून उंची १२० होते. करवतीच्या पात्याला दोन सेंटिमीटर उरतात. त्याच फळीचा जो ७० सेंटिमीटरचा तुकडा शिल्लक राहतो, त्यातून ओट्याचे वरचे पान निघते. पृष्ठभागासाठी ६ मिलिमीटरच्या दोन फळ्या लागतात, कारण जाड प्लाय वाकत नाही. पातळ प्लायचे दोन थर एकमेकांवर वाकवून बसवावे लागतात. वळणाची लांबी १५१ सेंटिमीटर भरते. आतल्या आडव्या पट्ट्या दोन बाय चार इंची, प्रत्येकी ११८.४ सेंटिमीटर, अशा बारा, म्हणजे एकूण सुमारे ४७ फूट लाकूड. खालच्या टोकाला एक फूट रुंद लोखंडी पत्रा. भाव रोज बदलतात. प्रमाण बदलत नाही.

वळण आखण्याच्या वेळी मुलीने दुकानातून सुतळी आणली. पोती शिवण्याची सुतळी या घरात कधी कमी पडत नाही. तिने एक टोक खिळ्याला बांधले, दुसऱ्याला पेन्सिल लावली आणि कमान ओढली. मिस्त्री पाहत राहिला, मग म्हणाला, "ताई, आता तीच रेघ पुन्हा ओढा." दुसरी रेघ पहिलीवर बसली नाही, मध्ये बोटभर अंतर पडले. सुतळी ओढली की ताणते आणि सैल सोडली की आखडते. मिस्त्रीने लाकडाची एक अरुंद पट्टी घेतली, एका टोकाला खिळा मारला, १८० सेंटिमीटरवर भोक पाडून पेन्सिल घातली. ती रेघ दहा वेळा ओढली, तरी तीच राहिली. मुलीने सुतळी गुंडाळून खिशात ठेवली.

पहिली बाजू कापल्यावर दुसरी मापाने आखत नाहीत; पहिलीच तिच्यावर ठेवून गिरवतात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असणे हे त्या बरोबर असण्यापेक्षाही महत्त्वाचे. दोन्हींत समान चूक असली, तर रॅम्प चालतो. एकीत असली, तर पृष्ठभाग पिळवटतो. आडव्या पट्ट्या वळणावर दर २० सेंटिमीटरला बसतात. प्रत्येक स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर पट्टीचे टोक फाटते. जिप्समच्या छताचे काळे स्क्रू स्वस्त मिळतात, पण ते ठिसूळ असतात आणि धक्क्याने तुटतात; लाकडाचेच स्क्रू घ्यावेत. अगदी तळाशी बाजूची फळी शून्यावर येते, तिथे उभी पट्टी मावत नाही. ती आडवी झोपवून घालावी लागते.

पृष्ठभागाचा पहिला थर तळापासून बसवत वर जावे. एकाने फळी दाबून धरायची, दुसऱ्याने स्क्रू मारायचे. येथे वडील प्रथमच कामात उतरले, कारण दाबून धरायला वजन हवे होते. ते फळीवर बसले आणि मुलगी स्क्रू मारत वर सरकत गेली. तिने प्रत्येक स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या खाली गेले आहे की नाही, हे तळहात फिरवून पाहिले. एक वर राहिला होता. तो वडिलांनी आवळला. नंतर कडांना रंगाचे दोन हात दिले, कारण पाणी प्लायमध्ये कडेतूनच शिरते. पत्र्याच्या कडा कानशीने घासून बोथट केल्या.

जागेचा प्रश्न प्रत्येक सोसायटीत येतोच. गच्चीवर रॅम्प ठेवू नये. कठड्यापाशी वेगात गेलेले मूल थांबवता येत नाही, आणि खालच्या मजल्यावर आवाज जातो तो वेगळाच. जमिनीवरची, भिंतीपासून लांब आणि समोर किमान दहा-बारा फूट मोकळी असलेली जागा हवी. पेव्हर ब्लॉकच्या फटींत लहान चाके अडकतात; कोटा किंवा गुळगुळीत सिमेंट चांगले. रॅम्पखाली बारदान घालण्याची कल्पना आपल्याकडे लगेच सुचते, पण बारदान ओल धरते. रबराच्या पट्ट्या घालाव्यात. सोसायटीच्या समितीला आधी लिहून कळवावे आणि दुपारच्या विश्रांतीची वेळ आपणहून सोडून द्यावी. शेजाऱ्याने तक्रार केल्यावर दिलेली सवलत आणि आधी दिलेली सवलत यांत फार फरक असतो.

या घरातले नियम मुलीने स्वतः लिहिले आणि रॅम्पच्या मागच्या बाजूला चिकटवले. हेल्मेट, गुडघ्याचे, कोपराचे आणि मनगटाचे कवच घातल्याशिवाय फळीवर पाय नाही. एका वेळी एकच जण. लहान मूल रॅम्पच्या समोर आले, की खेळ थांबवायचा. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी असते, म्हणून सराव सकाळी. रविवारी पाठशाळा आधी. शेवटची ओळ आईने सांगितली आणि मुलीने जरा थांबून लिहिली: लागले तर त्याच दिवशी सांगायचे.

मनगटाचे कवच विशेष लक्षात ठेवावे. पडताना माणूस हात टेकवतो, आणि या खेळात मनगट व हाताची हाडे मोडण्याचे प्रकार सर्वांत अधिक होतात. म्हणून चढ-उतार शिकण्याआधी पडणे शिकावे लागते: गुडघे वाकवून खाली जाणे, गुडघ्याच्या कवचावर घसरणे, हात ताठ न ठेवणे. पहिला आठवडा मुलीने फळीशिवाय रॅम्पवरून नुसते गुडघ्यांवर घसरण्यात घालवला. शेजारच्या मुलांना ते हास्यास्पद वाटले. आठवडा संपता संपता तीही रांगेत उभी राहिली.

दुसऱ्या आठवड्यात ती ओट्यावर उभी राहिली. फळीचे मागचे टोक कडेवर दाबलेले, पुढची चाके हवेत. या क्षणी अंग मागे घेतले तर फळी पुढे निसटते आणि माणूस पाठीवर पडतो. अंग पुढे टाकले तरच चाके उताराला लागतात. भीती वाटते तिकडेच वजन टाकावे लागते. वडील समोर उभे होते. पुढे होऊन हात द्यावा, असे त्यांना दोनदा वाटले, आणि दोन्ही वेळा ते जागचे हलले नाहीत.

ती अंग मागे घेऊनच उतरली आणि पडली. गुडघ्याचे कवच फरशीवर खरखरत गेले. कुणी ओरडले नाही. तिने उठून कोपर पाहिले, मनगट फिरवून पाहिले आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "पप्पा, डाव्या गुडघ्याला थोडं लागलंय. कवचाच्या वर."

"दाखव," वडील म्हणाले. त्यांनी पाहिले. खरचटलेही नव्हते. "पुन्हा जा."

पाचव्या खेपेला चाके उताराला लागली. दोन फुटांची ती उतरण संपायला एक श्वासही लागत नाही. मुलगी पत्र्यावरून फरशीवर आली आणि सरळ गेटपर्यंत गेली.

जून महिन्यात गाळ्यावरून एक जुनी ताडपत्री आली, पोत्यांवर घालतात तशी. चातुर्मासभर रॅम्प तिच्याखाली झाकलेला राहतो. ताडपत्री बांधायला मुलगी स्वतः गेली. खिशातून तिने तीच सुतळी काढली आणि चारही कोपऱ्यांना घट्ट गाठी मारल्या.